मगनवाडीचे ख्रिस्ती आणि स्वातंत्र्याचा अर्थ

आजचा विषय 'ख्रिस्ती श्रद्धा, नीती आणि खरं स्वातंत्र्य' असा आहे. विषय मोठा आहे आणि प्रवचनाकडे घसरायला फार सोपा आहे. प्रवचन करण्याचा माझा अधिकार नाही, मी तत्त्वज्ञानाचा मास्तर. म्हणून हा प्रश्न मी इतिहासातून मांडतो, आणि तो इतिहासही लांबचा नाही, आपल्या वर्धा जिल्ह्यातलाच आहे. वर्धा म्हटलं की आपल्याला गांधी, विनोबा, जमनालाल बजाज आठवतात. पण याच गावात काही ख्रिस्ती माणसं राहून गेली. त्यांनी आपल्या श्रद्धेच्या जोरावर स्वातंत्र्याचा अर्थ शोधला आणि त्याची किंमतही मोजली. त्यांतल्या दोघांविषयी आज मुख्यतः बोलायचं आहे.

आधी प्रश्न नीट समजून घेऊ. योहानाच्या शुभवर्तमानात एक प्रसंग आहे. सत्य तुम्हाला मोकळं करील, असं येशू लोकांना सांगतो. त्यावर ऐकणारे बिथरतात. आम्ही अब्राहामाचे वंशज, आम्ही कधी कुणाचे गुलाम होतो, असं ते विचारतात. आता गंमत बघा. हे बोलणाऱ्यांच्या डोक्यावर त्या वेळी रोमन साम्राज्य बसलेलं होतं! येशू मात्र रोमचं नाव काढत नाही. पाप करणारा पापाचा गुलाम असतो, असं तो सांगतो. पुढे पौल गलतीकरांना लिहितो तेव्हा तो आणखी एक पायरी चढतो. मिळालेलं स्वातंत्र्य देहाचे चोचले पुरवायला वापरू नका, ते प्रेमाने एकमेकांची सेवा करायला वापरा, असा त्याचा आशय आहे. १५२० साली मार्टिन ल्यूथरने ख्रिस्ती माणसाच्या स्वातंत्र्यावर पुस्तिका लिहिली, तिचा गाभाही हाच. श्रद्धेने माणूस कुणाचाही ताबेदार उरत नाही, आणि प्रेमाने तो सगळ्यांचा सेवक होतो.

म्हणजे या परंपरेत स्वातंत्र्याचे दोन भाग आहेत. एक, कशापासून सुटायचं. दुसरा, सुटून काय करायचं. पहिला भाग आपल्या सगळ्यांना कळतो. अडचण दुसऱ्या भागाची आहे.

पण इथे एक धोकाही आहे. 'खरी गुलामी पापाची, बाकी सगळं बाहेरचं' असं म्हटलं, की राज्यकर्ता खूश होतो. लोकांनी आतून मुक्त व्हावं आणि बाहेर मुकाट्याने सारा भरावा, एवढीच त्याची अपेक्षा असते. ब्रिटिश हिंदुस्थानात चर्चच्या अनेक अधिकाऱ्यांनी नेमकी हीच भूमिका घेतली. आणि इथेच जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा आपल्या गोष्टीत येतात.

कुमारप्पांचा जन्म ४ जानेवारी १८९२ रोजी तंजावरला, एका तमिळ ख्रिस्ती कुटुंबात झाला. लंडनमध्ये ते हिशेबतपासनीस झाले आणि मुंबईत त्यांनी पेढी काढली. चांगला सूट, चांगलं उत्पन्न, साहेबी राहणी. पुढे अमेरिकेत सिराक्यूज आणि कोलंबिया विद्यापीठांत शिकले. कोलंबियात प्राध्यापक सेलिगमन यांच्या हाताखाली त्यांनी हिंदुस्थानची सरकारी जमाखर्चाची व्यवस्था तपासली. आकडे मांडता मांडता त्यांच्या लक्षात आलं की या देशाचं दारिद्र्य दैवी नाही, ते राज्यकारभारातून तयार होतं. ते लिखाण घेऊन १९२९ साली ते साबरमतीला गांधींना भेटले. गांधींनी ते 'यंग इंडिया'त छापलं आणि त्यांना खेडा जिल्ह्यातल्या मातर तालुक्याच्या आर्थिक पाहणीचं काम दिलं. कॉर्नेलियस हे आडनाव मागे पडलं, आजोबांचं कुमारप्पा हे नाव पुढे आलं, आणि सुटाच्या जागी खादी आली.

धर्म मात्र त्यांनी बदलला नाही, हे लक्षात घ्या. ते अखेरपर्यंत ख्रिस्ती राहिले. उलट त्यांचं म्हणणं असं की, मी गांधींबरोबर आहे तो ख्रिस्ती असूनही नव्हे, ख्रिस्ती असल्यामुळे.

१९३०च्या कायदेभंगात ही गोष्ट उघड झाली. निःशस्त्र सत्याग्रहींवर लाठ्या पडत होत्या. कुमारप्पांनी ख्रिस्ती धर्मसेवकांना जाहीर आवाहन केलं की, तुम्ही शांतीच्या राजाचे सेवक म्हणवता, मग अहिंसेच्या बाजूने उभे राहा. हिंदुस्थानच्या अँग्लिकन चर्चचे मेट्रोपॉलिटन फॉस वेस्टकॉट यांना कायदेभंग ख्रिस्ताच्या शिकवणीशी सुसंगत वाटत नव्हता. दोघांचा पत्रव्यवहार झाला आणि तो छापलाही गेला. एका बाजूला देशातला सर्वांत वरिष्ठ बिशप, दुसऱ्या बाजूला एक साधा सभासद. कुमारप्पांच्या भूमिकेचं सार मी माझ्या शब्दांत सांगतो. ज्याची सत्ता अन्यायावर उभी आहे त्याची आज्ञा पाळणं हा सद्गुण नव्हे. ख्रिस्ताची आज्ञा आणि सरकारची आज्ञा यांची टक्कर झाली, तर श्रावकाने कुणाचं ऐकायचं हे आधीच ठरलेलं आहे.

मराठी माणसाला हा सूर अनोळखी नाही. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला, पण बाप्तिस्म्याबरोबर आपली सदसद्विवेकबुद्धी त्यांनी कुणाच्या हवाली केली नाही. त्यांची पत्रं ए. बी. शहांनी संपादित केली आहेत, ती जरूर वाचा. पुरोहितांच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटलेली बाई दुसऱ्या पुरोहितांचं जोखड मानेवर घ्यायला तयार नव्हती. पुढे १८९६-९७च्या दुष्काळात त्या आपल्या या मध्य प्रांतात आल्या आणि शेकडो अनाथ मुली-बायकांना घेऊन गेल्या. केडगावच्या त्यांच्या संस्थेचं नाव काय? मुक्ती. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचंही तसंच. नागपूरला आप्पासाहेब बुटींकडे ते पंडित म्हणून होते, आणि नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत त्यांना तो मिशनरी भेटला. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेताना तो परदेशी मिशनऱ्याच्या हातून न घेता त्यांनी एका भारतीय पाळकाच्या हातून घेतला. आणि १९१७ साली मिशनचा पगार सोडून 'देवाचा दरबार' मांडला. म्हणजे ख्रिस्ताने मोकळं केलं असेल तर ते मिशनपासूनसुद्धा मोकळं केलं पाहिजे, ही आपल्याकडची जुनी परंपरा आहे.

आता वर्ध्याकडे वळू. १९३४च्या डिसेंबरात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. जमनालालजींनी वर्ध्यातली बाग आणि इमारत दिली, मगनलाल गांधींच्या नावावरून ती मगनवाडी झाली. संघाची धुरा कुमारप्पांकडे आली. तेलघाणी, हातसडीचे तांदूळ, गूळ, हातकागद, मधमाश्या, साबण, कुंभारकाम असे प्रयोग तिथे सुरू झाले. 'ग्रामउद्योग पत्रिका' निघू लागली. १९३८च्या डिसेंबरात गांधींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडलं. वर्ध्यातल्या मंडळींना ही वास्तू माहीत आहे.

कुणी म्हणेल, घाणी आणि हातकागदाचा ख्रिस्ती श्रद्धेशी काय संबंध? कुमारप्पांच्या लेखी संबंध थेट होता. १९४२च्या आंदोलनात ते पुन्हा तुरुंगात गेले. जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी दोन पुस्तकं लिहिली. एक येशूच्या शिकवणुकीवर आणि आचरणावर, दुसरं शाश्वत अर्थव्यवस्थेवर. दोन्हींना गांधींनी प्रस्तावना लिहिली, आणि गमतीने त्यांना ग्रामोद्योगांचे डॉक्टर आणि धर्मशास्त्राचे डॉक्टर अशा दोन पदव्याही देऊन टाकल्या. एकाच कोठडीत एकाच माणसाने ही दोन पुस्तकं लिहिली, ती वेगवेगळी वाचली तर अर्धीच कळतात.

अर्थशास्त्राच्या पुस्तकात ते निसर्गातून पायऱ्या दाखवतात. वाघ दुसऱ्याचा जीव घेऊन जगतो. माकड दुसऱ्याने वाढवलेली फळं लुटतं. पक्षी स्वतःच्या कष्टाने घरटं बांधतो. मधमाशी सगळ्या पोळ्यासाठी राबते. आणि पक्षीण पिल्लांना भरवते, परतफेडीची अपेक्षा न ठेवता. ही शेवटची सेवेची पायरी. माणूस यातल्या कोणत्याही पायरीवर राहू शकतो, आणि तो कुठे राहील हे तो स्वतः ठरवतो. वाघाला निवड नाही, माणसाला आहे. कुमारप्पांच्या लेखी माणसाचं स्वातंत्र्य म्हणजे ही निवड. मला वाटतं, पौलाचं गलतीकरांना लिहिलेलं पत्र इथे अर्थशास्त्राच्या भाषेत बोलतंय.

त्यातून निघतो तो नियम फार अवघड आहे. बाजारातून वस्तू घेतली की तिच्यामागचं पापपुण्यही आपण घेतो. कोकोचं उदाहरण ते देतात. आफ्रिकेत मजुरांवर जबरदस्ती करून तो पिकवला असेल, तर दूर बसून पिणाऱ्यालाही त्या जबरदस्तीतून अंग काढता येत नाही. वस्तू जितकी लांबून येते तितकं तिच्यामागचं दुःख आपल्याला दिसत नाही. म्हणून जवळची वस्तू घ्या, जिच्या करणाऱ्याचं तोंड तुम्ही बघू शकता. यात देशप्रेम आहेच, पण त्याखाली नीती आहे.

लूकच्या शुभवर्तमानातला जक्कय आठवा. जकातदारांचा मुख्य, रोमच्या सत्तेच्या जोरावर गब्बर झालेला. येशू त्याच्या घरी जेवायला जातो. येशू त्याला काही सांगण्याआधीच तो उठून म्हणतो की निम्मी मालमत्ता गरिबांना देतो, आणि कुणाला फसवलं असेल तर चौपट परत करतो. मोकळा झाल्याची खूण काय, तर हिशेब चुकता करणं. हिशेबतपासनीस कुमारप्पांना ही खूण पटल्याशिवाय राहिली नसती! १९३४च्या बिहार भूकंपानंतर मदतनिधीचे हिशेब त्यांच्याकडे होते. कार्यकर्त्याचा रोजचा भत्ता त्यांनी तीन आण्यांवर बांधला होता. जनतेचा पैसा म्हणजे विश्वस्तनिधी, त्यात मोठ्याछोट्याचा भेद नाही, ही त्यांची शिस्त.

दुसरे गृहस्थ प्राध्यापक एस. के. जॉर्ज. केरळचे सीरियन ख्रिस्ती, कलकत्त्याच्या बिशप्स कॉलेजात शिकवत. कायदेभंगाला पाठिंबा दिल्यावरून १९३२ साली त्यांना ती नोकरी सोडावी लागली. १९३९ साली त्यांचं गांधींनी ख्रिस्ती धर्मापुढे ठेवलेल्या आव्हानावरचं पुस्तक आलं, त्याला राधाकृष्णन यांची प्रस्तावना आहे. पुढे ते वर्ध्याच्या कॉमर्स कॉलेजात प्राध्यापक होते. त्या वेळी वर्धा मध्य प्रदेशात होतं आणि राजधानी नागपूर. १९५४ साली सरकारने निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला समिती नेमली. त्या समितीत ख्रिस्ती सभासद होते ते जॉर्ज. १९५६च्या अहवालाने ख्रिस्ती समाज दुखावला. त्यातल्या काही शिफारशी धर्मांतरावर कायद्याचे निर्बंध सुचवणाऱ्या होत्या.

इथे मी जरा थांबतो, कारण ही जागा अडचणीची आहे. आमिषाने झालेलं धर्मांतर हे स्वातंत्र्य नव्हे, हे बरोबर. पण कुणाचं मन आमिषाने बदललं आणि कुणाचं खरोखर, हे सरकारी कचेरीने कसं ओळखायचं? सदसद्विवेकबुद्धीचं रक्षण करायला निघालेला कायदा तिच्याच दारात पहारा बसवू शकतो. चर्चच्या सत्तेला प्रश्न विचारणं हा श्रद्धेचा भाग असेल, तर सरकारच्या सत्तेला प्रश्न विचारणंही तिचाच भाग आहे. रमाबाईंची कसोटी दोघांनाही लागते.

आणखी एक आक्षेप, सर्वांत वजनदार. ज्याच्याकडे पेढी होती त्याने पेढी सोडली, ठीक. पण ज्याच्याकडे सोडायलाच काही नाही, त्याला त्यागाचं स्वातंत्र्य काय सांगणार? आपल्यापासून पाऊणशे किलोमीटरवर, नागपूरला, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी लाखो लोकांसह धम्मदीक्षा घेतली. त्यांनाही धर्मातूनच मुक्ती हवी होती, पण तिची सुरुवात माणूस म्हणून प्रतिष्ठेपासून होती. भुकेल्याला संयम शिकवणं ही क्रूरता आहे. कुमारप्पांना हे कळत होतं, असं मला वाटतं. काँग्रेसच्या कृषी सुधारणा समितीचे ते अध्यक्ष होते, आणि १९४९च्या त्या अहवालाने कसणाऱ्याची जमीन हे तत्त्व मांडलं. म्हणजे नीती फक्त खरेदीदाराच्या मनावर सोडून भागत नाही, कुळाच्या हक्कातही ती उतरावी लागते.

स्वातंत्र्यानंतर कुमारप्पांचं दिल्लीशी जमलं नाही. पंचवार्षिक योजनेची गाडी वेगळ्या रुळावर गेली. ते आपल्या जिल्ह्यातल्या सेलडोहला आले आणि तिथे पन्नई आश्रम काढला. पन्नई म्हणजे तमिळमध्ये शेत. पुढे प्रकृती बिघडली तेव्हा ते मदुराईजवळच्या टी. कल्लुपट्टीला गेले, आणि ३० जानेवारी १९६० रोजी मद्रासला वारले. गांधींच्याच पुण्यतिथीला. एस. के. जॉर्जही त्याच वर्षी गेले.

राजकीय हिशेबाने बघितलं तर दोघेही हरले. त्यांची अर्थव्यवस्था आली नाही, त्यांचं चर्च त्यांच्यामागे उभं राहिलं नाही. पण आपला आजचा प्रश्न वेगळा आहे: ही माणसं मोकळी होती का? बिशपाला उत्तर देताना, तुरुंगात लिहिताना, तीन आण्यांचा हिशेब मांडताना त्यांना कुणाची भीती नव्हती आणि कुणाकडून काही मिळवायचं नव्हतं. भीती आणि हाव, या दोन दोऱ्यांनीच माणूस बांधला जातो. श्रद्धेने पहिली दोरी सैल होते. दुसरी मात्र रोजच्या वागण्याने, एकेक खरेदी आणि एकेक हिशेब करत, स्वतःलाच सोडवावी लागते. तिथे दुसरा कुणी मदतीला येत नाही.

एवढं बोलून थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.