चांभारी काळा : पादत्राणे रंगविण्याच्या एका रीतीचा इतिहास

लॅटिनमधील ‘अत्रामेन्तुम’ हा शब्द ‘आतेर’ म्हणजे काळा या विशेषणापासून सिद्ध झाला आहे. लिहिण्याची शाई या शब्दाने दर्शविली जाई आणि चांभार ज्याने कातडे काळे करी ते द्रव्यही. भेद करावयाचा झाल्यास पहिल्यास ‘लिब्रारियुम’ व दुसऱ्यास ‘सुतोरियुम’ असे विशेषण लावीत. मराठीतील ‘शाई’ याच वाटेने आली आहे. फारसी ‘सियाही’चा अर्थ काळेपणा, परंतु मराठीत तो इतका पुसला गेला की ‘लाल शाई’ म्हणताना कोणास विसंगती जाणवत नाही. शब्द एक असला तरी वस्तू मात्र एक नव्हती. रोमन लेखकाची शाई बहुधा काजळीची असे, तर चांभाराचा काळा हा धातूच्या क्षाराचा. पुढे मध्ययुगीन युरोपात मायफळ व हिराकस यांच्या शाईचा प्रसार झाला, तेव्हा लेखणी आणि जोडा यांचा काळा रंग एकाच रसायनाचा झाला. शब्दाने जे ऐक्य आधी गृहीत धरले होते ते व्यवहाराने असे मागाहून सिद्ध केले.

या चांभारी द्रव्याचे वर्णन प्लिनी (मृत्यू इ. स. ७९) याने आपल्या सृष्टिविषयक ग्रंथाच्या चौतिसाव्या खंडात केले आहे. ग्रीक लोक त्यास ‘खाल्कान्थोन’ म्हणतात आणि त्या नावाने त्याचे तांब्याशी नाते जोडतात, असे तो नोंदवितो. आजच्या दृष्टीने पाहता या नावाखाली लोखंड व तांबे या दोहोंचे गंधकाम्लजन्य क्षार सरमिसळ होऊन येत असत. कातडे काळे करण्याचे काम त्यांतील लोखंडाचे. नाव मात्र तांब्याचे. संस्कृत ‘कासीस’ आणि मराठी ‘हिराकस’ या नावांत असा तांब्याचा भास नाही.

त्याच खंडात प्लिनीने एक कसोटी दिली आहे. जंगाल, म्हणजे तांब्याचा हिरवा गंज, यात हे द्रव्य भेसळ म्हणून मिसळले जाई. मायफळाच्या रसात भिजविलेल्या पपायरसावर असा भेसळीचा जंगाल लावला की तो तत्काळ काळा पडे. रसायनशास्त्राच्या इतिहासात या प्रयोगाचा उल्लेख परीक्षापत्राचे आद्य उदाहरण म्हणून होतो. चांभाराच्या हातून रोज घडणारी क्रियाच येथे परीक्षेस उपयोगी पडली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

ती क्रिया अशी. मायफळ, हिरडा, बाभळीची साल यांत टॅनिन असते. कोल्हापुरी वहाणांचे कातडे परंपरेने बाभळीची साल व हिरडा यांनीच कमावले जाते. अशा कातड्यावर हिराकसाचे पाणी फिरविले की त्यातील लोखंड टॅनिनशी संयोग पावते आणि हवेतील प्राणवायूने पुढच्या अवस्थेस जाऊन निळसर काळे होते. रंग म्हणून वेगळा पदार्थ वरून चढविलेला नसतो. अर्धा रंग कातड्यात आधीच मुरलेला असतो. म्हणूनच ही रीत घरगुती राहू शकली. गंजके खिळे शिरक्यात काही दिवस ठेवले तरी काम भागे. श्रीकालहस्तीचे कलमकारी कारागीर लोखंड व गूळ पाण्यात आंबवून काळी रेघ काढतात, तीही हिरड्यात भिजविलेल्या कापडावरच. कापड आणि कातडे हा भेद येथे गौण आहे.

जुनी रीत निर्दोष होती असे मात्र म्हणता येणार नाही. लोखंडाचा क्षार अधिक झाल्यास कातड्याचे तंतू जळल्यासारखे होतात आणि कालांतराने ते तडकते. यास्तव वरून तेल देणे अगत्याचे असे. शिवाय हे द्रव्य पोटात गेल्यास विषारी. किकेरोच्या एका पत्रात कार्बो कुळातील एका पुरुषाविषयी, अभियोगातून तो चांभारी काळ्याने सुटला असे मानतात, असा बोचरा उल्लेख आहे. त्याने विष घेतले, असा त्याचा अर्थ अभ्यासक लावतात.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या रीतीचा पायाच ढळला. १८५६ मध्ये पर्किनने अनिलीनपासून जांभळा रंग केला. १८६७ मध्ये कूपिए याने निग्रोसीन हा काळा रंग सिद्ध केला. १८८४ मध्ये अमेरिकेत ऑगस्टस शुल्त्स याने क्रोमाने कातडे कमावण्याचे एकस्व घेतले. क्रोमच्या कातड्यात टॅनिन नसते. त्यावर हिराकस फिरवून काळा उमटत नाही. तेव्हा रंग बाटलीतूनच येणे प्राप्त झाले. कातड्यात शिरण्यासाठी तो द्रवरूप हवा, आणि तो विरघळविण्यासाठी अनिलीन किंवा नायट्रोबेंझीन वापरले जाऊ लागले.

याचा परिणाम घराघरांत दिसला. उन्हाळ्यातील पिवळे जोडे हिवाळ्यासाठी किंवा सुतकासाठी काळे करून घेण्याची चाल युरोप-अमेरिकेत होती. असे जोडे नीट न वाळता पायात घातले की ऊब आणि घाम यांच्या योगाने ते द्रव त्वचेतून रक्तात जात. १९०० साली लांदूझी व ब्रुआर्देल या फ्रेंच वैद्यांनी, काळ्या रंगविलेल्या पिवळ्या जोड्यांमुळे मुले अनिलीनने बाधित झाल्याचे वृत्त प्रसिद्ध केले. पुढे १९२० च्या दशकात अमेरिकन वैद्यक नियतकालिकांतूनही अशी वृत्ते आली. ओठ व नखे निळी पडत, भोवळ येई, रक्त काढून पाहिल्यास ते तपकिरी दिसे. निदान करणाऱ्यास हृदयविकाराची शंका येणे स्वाभाविक होते. रोग्याच्या पायांकडे पाहण्याचे कोणास सुचणार? पायातले जोडे उतरविणे हाच खरे तर पहिला उपचार होता.

या बाधेत रक्तातील लोखंडाचे रूपांतर होते. हिराकसाचे लोखंड कातड्यावर ज्या अवस्थेस जाऊन काळे होते, त्याच अवस्थेस रक्तातील लोखंड जाते आणि प्राणवायू वाहून नेण्यास असमर्थ ठरते. त्यास पूर्ववत आणण्यासाठी १९३० च्या दशकापासून मिथिलीन ब्लू शिरेतून देण्यात येऊ लागले. ते द्रव्य हाइन्रिश कारो याने १८७६ मध्ये तयार केले होते, कापड रंगविण्यासाठी.