ताकाकिया : एका शेवाळीच्या नोंदीचा इतिहास

इतिहास म्हटला की लढाया, तह आणि सिंहासने आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात. आज आम्ही जो इतिहास सांगणार आहोत, त्यात सिंहासन नाही आणि लढाईही नाही. एक सेंटिमीटरभर उंचीची एक वनस्पती हिमालयात एका साहेबाच्या हाती लागते, चुकीच्या रकान्यात नोंदली जाते आणि तिची खरी ओळख पटायला जवळजवळ दीडशे वर्षे लागतात, एवढीच ही कथा आहे. कामगार संघटनेच्या माणसाने या विषयात का पडावे, अशी शंका कोणाला आली तर ती रास्तच आहे. तिचे उत्तर ओघात येईल.

प्रथम शब्दांचा खुलासा केलेला बरा. पावसाळ्यात कौलांवर, विहिरीच्या कठड्यावर, देवळाच्या ओवरीवर जे काही हिरवे उगवते, त्या सर्वांना आपण सरसकट शेवाळ म्हणतो. शास्त्राला एवढे भागत नाही. डबक्याच्या पाण्यावर तरंगते ते शैवल. भिंतीवर मखमलीसारखी दाट वाढते, जिला बारीक दांडी आणि बारीक पाने असतात, ती शेवाळी, म्हणजे इंग्रजीतले मॉस. आणि तिच्या शेजारीच ओलीला चिकटून राहणारी, तिची सख्खी नव्हे पण चुलत बहीण म्हणावी अशी ती यकृतका. आमच्या कचेरीमागच्या भिंतीवरची शेवाळी आम्ही प्रथम पाहिली ती कापडाच्या इंचातले धागे मोजण्याच्या भिंगातून. ज्या भिंगाने आमचे लोक आयुष्यभर कापडातले दोष शोधत आले, त्याच भिंगाखाली ते हिरवे रान पाहून आम्ही थक्क झालो. शाळा आम्ही लवकरच सोडली होती. पुढचे शिक्षण झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि अशा भिंगांतून.

आता कथेला प्रारंभ करू. 1848 साली जोसेफ डाल्टन हूकर हा तरुण इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ दार्जिलिंगला आला. पुढची दोन वर्षे तो सिक्कीमच्या डोंगरदऱ्यांतून हिंडला. त्याच्याबरोबर लेपचा आणि भूतिया माणसे असत. ओझी ती वाहत, वाट ती दाखवीत. लेपचा मुले झाडपाला गोळा करून कागदांत घालून वाळवण्यात तरबेज झाली होती. 1849 च्या नोव्हेंबरात सिक्कीम दरबारच्या लोकांनी हूकर आणि दार्जिलिंगचा अधिकारी कॅम्पबेल या दोघांना अटक केली. दोघे सुखरूप सुटले. पण त्याचे निमित्त करून इंग्रजांनी 1850 मध्ये सिक्कीमचा दक्षिणेकडील मुलूख घशात घातला. शास्त्राच्या पाठीमागून राज्य कसे चालत येते, याचा हा एक नमुना. परंतु त्या कागदांच्या गठ्ठ्यांत जे विलायतेला गेले, ते मात्र सर्व जगाच्या उपयोगी पडले, हेही तितकेच खरे.

त्या गठ्ठ्यांतल्या शेवाळी आणि यकृतका तपासण्याचे काम विल्यम मिटन या गृहस्थाकडे आले. हा कोणी विद्यापीठातला प्राध्यापक नव्हता. ससेक्समधल्या हर्स्टपियरपॉइंट या गावी त्याचे औषधांचे दुकान होते. गिऱ्हाइकाला पुड्या बांधून द्यायच्या आणि उरल्या वेळात सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा, असा त्याचा क्रम. उत्क्रांतिवादाचा डार्विनइतकाच मानकरी असलेला आल्फ्रेड रसेल वॉलेस हा पुढे त्याचा जावई झाला. मिटनने हिंदुस्थानातल्या शेवाळींवर 1859 साली आणि पाठोपाठ यकृतकांवर मोठे प्रबंध प्रसिद्ध केले. त्या यकृतकांत सिक्कीमची एक लहानशी वनस्पती होती. तिची पाने पानांसारखी चपटी नव्हती. बारीक, निमुळती, शिंगे फुटावीत तशी होती. मिटनने तिला 1861 मध्ये नाव दिले ‘लेपिडोझिया सेराटोफिला’. लेपिडोझिया ही यकृतकांची एक जुनी प्रजाती. सेराटोफिला म्हणजे शिंगासारख्या पानांची.

येथे चूक झाली. पण ती आळसाची चूक नव्हे. वाळलेल्या काड्यांवरून, बीजुकांची कुपी हाती नसताना, जेवढे दिसले तेवढ्यावरून मिटनने जवळात जवळच्या रकान्यात नाव घातले. त्याने एक गोष्ट मात्र नेमकी केली. आपण काय पाहिले ते लिहून ठेवले आणि ज्यावरून लिहिले तो नमुना जपला.

याच मिटनची आणखी एक गोष्ट आम्हांला सांगितल्यावाचून राहवत नाही. त्या काळी लँकेशायरच्या विणकरांनी आणि गिरणीकामगारांनी आपल्या वनस्पती-मंडळ्या काढल्या होत्या. रविवारी गुत्त्यात जमायचे, पैसा पैसा वर्गणी काढून ग्रंथ विकत घ्यायचे आणि डोंगरावरून आणलेले नमुने मेजावर मांडून एकमेकांना नावे सांगायची. त्यांच्यापैकीच टॉडमॉर्डनचा जॉन नोवेल हा सूतगिरणीतला कामगार शेवाळींचा मोठा जाणकार झाला. 1867 मध्ये तो वारला. तीन वर्षांनी मिटनने यकृतकांच्या एका प्रजातीला त्याचे नाव दिले, ‘नोवेलिया’. कुजक्या लाकडावर वाढणाऱ्या त्या वनस्पतीचा उल्लेख करताना जगातल्या प्रत्येक शास्त्रज्ञाला आजही एका गिरणीकामगाराचे नाव उच्चारावे लागते. सिक्कीमच्या लेपचा मुलांच्या वाट्याला मात्र असे काही आले नाही. कोणाचे नाव नोंदीत शिरते आणि कोणाचे बाहेर राहते, हा प्रश्न गिरणीच्या दारात संपत नाही.

मिटनच्या या नोंदीकडे पुढे नव्वद वर्षे कोणी वळून पाहिले नाही. मग 1950 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत जपानच्या उंच पर्वतांवर नोरिओ ताकाकी या शास्त्रज्ञाला एक चमत्कारिक वनस्पती मिळाली. जमिनीखाली तिच्या फिकट, बिनपानांच्या फांद्या पसरलेल्या. शेवाळीला आधार देणारे मुळांसारखे केस अजिबात नाहीत. वर सेंटिमीटरभर हिरवी दांडी आणि तिच्यावर बोटांसारखी, धक्का लागताच तुटणारी पाने. हिला शैवल म्हणावे, यकृतका म्हणावी की आणखी काही? जपानी लोकांनी तिला जे नाव दिले त्याचा भावार्थ ‘हे काय बुवा शेवाळ’ असा आहे! अज्ञान झाकण्यासाठी मोठा ग्रीक शब्द न योजता ते सरळ नावातच कबूल करणारे हे लोक आम्हांला फार आवडले.

1958 साली सिन्सुके हात्तोरी आणि हिरोशी इनोउए यांनी या वनस्पतीचे रीतसर वर्णन प्रसिद्ध केले. रीतसर म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. नव्या जातीचे नुसते नाव जाहीर करून चालत नाही. तिचे अवयव मोजून वर्णन लिहावे लागते, ती कोणापासून कशी वेगळी हे दाखवावे लागते, आणि मूळ नमुना कोणत्या संग्रहात ठेवला ते सांगावे लागते, म्हणजे उद्या शंका येणाऱ्याला तो उघडून पाहता येतो. ही वनस्पती कोणत्याच जुन्या प्रजातीत बसेना, म्हणून नवी प्रजाती करण्यात आली. शोधणाऱ्याच्या सन्मानार्थ तिचे नाव ठेवले ‘ताकाकिया’, आणि जातीचे नाव ‘लेपिडोझिऑइडिस’, म्हणजे लेपिडोझियासारखी दिसणारी. त्याच वर्षी असेही दिसून आले की तिच्या पेशीत रंगसूत्रे अवघी चार. जमिनीवरच्या वनस्पतींत इतकी कमी संख्या क्वचितच आढळते. स्त्री-अवयव तेवढे दिसत. नर-अवयव आणि बीजुकांची कुपी कोणीच पाहिली नव्हती. तेव्हा तिला यकृतकांतच, पण वेगळ्या कुलात बसविण्यात आले.

पाच वर्षांनी, 1963 मध्ये, रिक्लेफ ग्रोल्ले या जर्मन शास्त्रज्ञाने हिमालयातल्या वनस्पतींची उजळणी करताना ओळखले की मिटनची शिंगपानी आणि जपानची ‘हे काय बुवा’ या एकाच प्रजातीतल्या बहिणी आहेत. जी वनस्पती जगाला नवी वाटत होती, तिची बहीण शंभर वर्षे कागदाच्या पुडीत पडून होती! सिक्कीमच्या वनस्पतीचे नाव आता ‘ताकाकिया सेराटोफिला’ झाले. शास्त्राचा एक नियम येथे लक्षात घेण्याजोगा आहे. जाती दुसऱ्या प्रजातीत हलविली तरी तिचे जुने विशेषण कायम राहते, आणि नावापुढे पहिल्या नोंदकर्त्याचे नाव कंसात व दुरुस्ती करणाऱ्याचे कंसाबाहेर लिहितात. चूक झाली म्हणून मिटनला खोडून टाकले नाही. तो कंसात आहे आणि कायमचा आहे.

तरीही मुख्य प्रश्न उरलाच होता. ही यकृतका की शेवाळी? त्याचे उत्तर बीजुकांच्या कुपीतच मिळणार होते. यकृतकेची कुपी नाजूक, अल्पायुषी दांडीवर येते आणि बहुधा चार पाकळ्यांनी उकलते. शेवाळीची दांडी चिवट असते आणि कुपीच्या मध्यभागी एक खांब असतो. अखेर 1990 मध्ये अलास्काजवळच्या अल्यूशियन बेटांवर डेव्हिड स्मिथ याला शिंगपानी ताकाकियाची नर रोपे आणि कुप्या सापडल्या. त्याने व पॉल डेव्हिसन याने 1993 मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. दांडी चिवट होती, कुपीत मधला खांब होता आणि कुपी एकाच नागमोडी चिरेने, पिळा सुटावा तशी, उकलत होती. ताकाकिया ही शेवाळी ठरली. पुढे जनुकांच्या तपासणीनेही तोच निवाडा कायम केला.

आता त्या शंकेचे उत्तर. आम्ही संघटनेत नवे होतो तेव्हा एका कापड गिरणीतला एक कामगार आमच्याकडे आला. अकरा वर्षे तो रोज सांच्यावर उभा होता, पण हजेरीपत्रकात त्याचे नाव ‘बदली’च्या रकान्यात होते. त्यामुळे रजा नाही, उपदान नाही, काही नाही. आमची भाषणे तेव्हा फार जोरकस असत. त्या भाषणांनी त्याचे काम रेसभरही पुढे सरकले नाही. मग त्याच्या बायकोने बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आणून आमच्यापुढे ठेवला. त्यात अकरा वर्षांच्या पगाराच्या चिठ्ठ्या महिनेवारीने लावलेल्या होत्या. दिवस मोजून झाले आणि रकाना बदलला. त्या बाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. मूळ कागद जपला पाहिजे, एवढे मात्र त्यांना आमच्याहून अधिक कळत होते. ताकाकियाची हकीगत प्रथम वाचली तेव्हा आम्हांला तो डबा आठवला. नोंद चुकू शकते, चुकतेच. पण ज्यावरून नोंद केली ती वस्तू जपलेली असेल, तर आज ना उद्या न्याय होतो. ती फेकून दिली असेल, तर चुकीची नोंद हेच सत्य होऊन बसते.

ही कथा येथे सुखाने संपली असती, तर आम्ही व्याख्यानासाठी ती निवडली नसती. चीन आणि जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी 2010 पासून दहा-अकरा वर्षे तिबेटच्या पठारावर चार हजार मीटरहून उंच जागी पुनःपुन्हा जाऊन ताकाकियाचा अभ्यास केला आणि 2023 मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांच्या मते ही प्रजाती सुमारे 39 कोटी वर्षांची आहे. हिमालय जन्माला येण्याच्या कितीतरी आधीची! जमीन तिच्या पायाखालून वर उचलली गेली आणि ती तिथेच तग धरून राहिली. वर्षातले आठ महिने बर्फाखाली, उरलेले चार प्रखर सूर्यकिरणांत, असे जिणे पेलण्यासाठी तिची जनुके बदलत गेली. असे असूनही आता तिचे आच्छादन वर्षाला सुमारे 1.6 टक्क्यांनी घटताना त्यांना आढळले. पर्वत तापत आहेत आणि तिला आणखी वर सरकायला जागा नाही. ज्या बदलासाठी तिला कोट्यवधी वर्षे मिळाली होती, तसला बदल आता माणसाच्या एका आयुष्यात होऊ पाहतो आहे.

डब्यातल्या चिठ्ठ्यांनी त्या कामगाराचा हक्क मिळाला, कारण तो कामगार जिवंत होता आणि हक्क घ्यायला आमच्यापुढे उभा होता. कागदाच्या पुडीतली ताकाकिया तिचे नाव सांगू शकते, कूळ सांगू शकते, तिच्याविषयी झालेली चूकही सुधारू शकते. तिला पुन्हा डोंगरावर उगवता मात्र येत नाही. दीडशे वर्षे खपून माणसांनी तिला योग्य रकान्यात बसविले. तो रकाना केवळ मृतांच्या यादीतला ठरू नये, एवढे पाहणे आता सूक्ष्मदर्शकाचे काम नाही. ते गिरण्या, भट्ट्या आणि मोटारी चालविणाऱ्या तुम्हां-आम्हां सर्वांचे आहे, आणि कामगार संघटनेचे तर आहेच आहे.

येत्या पावसाळ्यात घरामागच्या भिंतीवरची हिरवी मखमल खरवडून काढण्यापूर्वी एकदा भिंग लावून तिच्याकडे पाहा. ती ताकाकिया नसेल. पण आपल्याला जिचे नाव ठाऊक नाही अशी एक रहिवासी आपल्याच भिंतीवर कित्येक पिढ्या नांदते आहे, हे तरी दिसेल. ओळख तिथूनच सुरू होते.