सोळा आण्यांचा राजपुत्र

माणूस पंचेचाळिशीला आला की त्याला जुन्या वस्तूंचा पुळका येतो. कुणी कुलवृत्तान्त काढून बसतो, कुणी शाळेतल्या मित्रांचं संमेलन भरवतो. मी माळ्यावर चढलो.

"दिवाळीत साफसफाई सांगितली तेव्हा गुडघा दुखत होता ना?" खालून सौभाग्यवतींनी चौकशी केली.

बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसाला उत्तर न देता काम चालू ठेवण्याची सवय असते. अर्ध्या तासाने मी कोळिष्टकांसह खाली उतरलो, तेव्हा माझ्या हातात एक निळी, साडेतीन इंची फ्लॉपी होती. क्षमता १.४४ मेगाबाइट. म्हणजे आमची आत्या रोज सकाळी गुलाबाच्या फुलासकट 'शुभ प्रभात'चा जो व्हिडिओ पाठवते, तोसुद्धा तीत मावणार नाही. लेबलावर दादाच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं : 'लोटस – सराव'. आत लोटस नव्हतं. आत 'प्रिन्स ऑफ पर्शिया' होता. लेबल वडिलांसाठी होतं.

१९९४ साली सांगलीत दादाला कॉम्प्युटरच्या क्लासला घातलं होतं. मी तेव्हा नववीत, त्याच्या मागेमागे जायचो. देवळात शिरावं तशा चपला बाहेर काढायच्या. आत एसी, तोही माणसांसाठी नव्हे, यंत्रांसाठी. शेवटची पंधरा मिनिटं सर चहाला जात. तेवढ्यात दादा राजपुत्र व्हायचा आणि मी शेजारी बसून "उडी मार, उडी मार" म्हणायचो.

तो दादा आणि मी तीन वर्षं बोलत नव्हतो. वडिलांच्या मागे घराच्या वाटणीवरून एक वाक्य वाढलं, मग दुसरं, आणि मग एकदम सगळीच बंद झाली. असो.

हा खेळ इराणात तयार झाला असावा, अशी माझी समजूत होती. तो निघाला अमेरिकेतला. जॉर्डन मेकनर नावाच्या तरुणाने येल विद्यापीठात शिकता शिकता 'कराटेका' हा खेळ लिहिला. तो १९८४ साली बाजारात आला. १९८५ मध्ये त्याने आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून एका पार्किंगमध्ये पळायला, उड्या मारायला, लोंबकळायला लावलं आणि त्याचा व्हिडिओ काढला. मग एकेक चित्र करत त्या हालचाली ॲपल टू कॉम्प्युटरात उतरवल्या. तलवारबाजी घेतली १९३८ सालच्या रॉबिन हूडच्या सिनेमातून. संगीत वडिलांचं. थोरला लेखक, धाकटा नायक, वडील संगीतकार! आपल्याकडे नाटक कंपन्या अशाच चालत.

चार वर्षं खपून खेळ १९८९ साली बाहेर पडला, तोवर ॲपल टू म्हातारा झाला होता. खप यथातथाच. पुढच्या वर्षी खेळ डॉसवर आला, इतर यंत्रांवरही गेला आणि मग मात्र जगभर पोचला. कथा साधी : सुलतान लढाईवर गेलेला, वजीर जाफर राजकन्येला सांगतो, तासाभरात माझ्याशी लग्न कर, नाहीतर मर. नायकाने त्या साठ मिनिटांत तळघरातून वर यायचं. साठ मिनिटांत आमच्या शाखेत पासबुक छापून मिळालं तर गिऱ्हाईक पेढे वाटेल.

आता ही फ्लॉपी लावायची कुठे? हल्लीच्या कॉम्प्युटरला ती भोकंच नसतात. चिरंजीवांनी यूएसबीला जोडायचा एक फ्लॉपी ड्राइव्ह मागवला. त्याने जात्यासारखी घरघर केली आणि चक्क फायली दिसल्या! मी 'प्रिन्स'वर दोनदा क्लिक केलं. विंडोजने नम्रपणे कळवलं की हा प्रोग्रॅम तुमच्या पीसीवर चालू शकत नाही.

कारण कळल्यावर मला विंडोजचा राग आला नाही. खेळ सोळा बिटांचा, आमचा कॉम्प्युटर चौसष्ट बिटांचा. १ एप्रिल १९५७ पासून आपल्याकडे सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. काही वर्षं दोन्ही नाणी चालली, मग आणे बंद. तसंच हे. बत्तीस बिटी विंडोजमध्ये जुना प्रोग्रॅम चालायचा; चौसष्ट बिटी विंडोज आण्यांना हातच लावत नाही. कॅशियरच्या जागी मी असतो तर हेच केलं असतं.

यावर उतारा म्हणजे 'डॉसबॉक्स', २००२ साली आलेला एक फुकट प्रोग्रॅम. तो नव्या कॉम्प्युटरच्या पोटात एक खोटा जुना कॉम्प्युटर उभा करतो. जुना प्रोसेसर, जुनं साउंड ब्लास्टर कार्ड, सगळ्या बाडबिस्ताऱ्यासह. मी तो उघडला, तर समोर झेड ड्राइव्ह. सी ड्राइव्हचा पत्ता नाही. 'माउंट' ही आज्ञा लिहून हार्ड डिस्कवरचा एक फोल्डर त्याला 'हा तुझा सी' म्हणून दाखवावा लागतो. कागद जोडल्याशिवाय खातं उघडत नाही, हे निदान मला तरी सुचायला हवं होतं!

खेळ सुरू झाला, पण राजपुत्र मंजुरीसाठी वर पाठवलेल्या फायलीच्या वेगाने चालू लागला. तपासलं, तर वेगाच्या रकान्यात ३००० ऐवजी मी ३०० लिहिलेले. बँकेत शून्य गाळलं असतं तर मेमो मिळाला असता.

दुरुस्ती झाली. तलवार मिळाली, पहिला पहारेकरी पडला, दार उघडलं आणि मी विषाच्या बाटल्यांसमोर उभा राहिलो.

ही नकली प्रती रोखायची युक्ती. पहिली लेव्हल संपली की खेळ विचारतो, माहितीपुस्तिकेच्या अमुक पानावर, अमुक ओळीतल्या अमुक शब्दाचं पहिलं अक्षर कोणतं? त्या अक्षराची बाटली प्यायची. चुकलात तर पोटात विष. थोडक्यात, नमुना सही पडताळणं. आमच्याकडे पुस्तिका कुठली असणार? क्लासच्या सरांकडे झेरॉक्स होती. त्यावरून दादाने सगळी यादी आपल्या डायरीत उतरवली होती.

"बाबा, ती यादी नेटवर एका मिनिटात मिळेल," चिरंजीव म्हणाले.

"माहीत आहे," मी म्हणालो आणि एस्केप दाबून खेळ थांबवला.

त्या मेकनरचाही मूळ प्रोग्रॅम हरवला होता. २००२ साली त्याने शोधशोध केली, मिळाला नाही. २०१२ मध्ये त्याच्या वडिलांना घरच्या कपाटात जुन्या फ्लॉप्यांचा खोका सापडला. जाणकार मंडळी जुनी यंत्रं घेऊन आली आणि वीसेक वर्षं पडून राहिलेल्या फ्लॉप्या वाचल्या गेल्या. मग तीन वर्षं म्हणजे काय फार?

मी फोन लावला.

"हॅलो," दादा म्हणाला. मग कुणीच काही बोलेना.

"दादा, बाटल्यांपाशी आलोय."

पलीकडे शांतता. मग खुर्ची सरकल्याचा, कपाट उघडल्याचा, काहीतरी धाडकन पडल्याचा आवाज. वहिनी काहीतरी बोलल्या. त्यांच्याकडेही बहुधा दिवाळीत गुडघा दुखला असावा.

"पान सांग," दादा म्हणाला.

मी पान, ओळ, शब्द सांगितला. त्याने अक्षर सांगितलं. राजपुत्र बाटली प्यायला आणि जगला.

"बाराव्या लेव्हलला तुझी सावली येईल," दादा म्हणाला. "लक्षात आहे ना?"

लक्षात होतं. मेकनरकडे नव्या शत्रूची चित्रं ठेवायला मेमरी उरली नव्हती, म्हणून त्याने राजपुत्राचीच चित्रं किंचित सरकवून स्वतःवर टाकली आणि सावली तयार केली. तिला वार केला की घाव आपल्याला लागतो.

"तलवार म्यान करायची," मी म्हणालो.

"हं. तेव्हा ते तुला सुचलं होतं, मला नव्हतं." तो जरा थांबला. "रविवारी येऊ का? डायरी घेऊन येतो."

रविवारी दादा आला. जेवणानंतर घराचा विषय निघाला आणि दोन कप चहानंतरही संपला नाही. पण मध्येच तो उठून कॉम्प्युटरपुढे बसला, आणि मी शेजारी स्टूल ओढलं. राजपुत्र सध्या तिसऱ्या लेव्हलला वारंवार काट्यांवर पडतो आहे. दादाचं म्हणणं, मी "उडी मार" उशिरा म्हणतो.