ऊसतोड स्थलांतर आणि वृद्धांची देखभाल

ऊसतोडीच्या हंगामात घरातील कर्ती माणसे परमुलखात गेल्यानंतर गावी मागे राहणाऱ्या वृद्धांच्या देखभालीचा प्रश्न बीड जिल्ह्यातील गेवराईसह अनेक तालुक्यांत आढळतो.

पार्श्वभूमी

दरवर्षी साधारणतः दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या परिसरात जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. पती-पत्नीच्या जोडीस ‘कोयता’ म्हणतात. मुकादम हंगामापूर्वी ‘उचल’ देतो. ही आगाऊ रक्कम फिटेपर्यंत काम सोडणे अवघड असल्याने आई-वडील आजारी पडले तरी गावी परतणे सोपे नसते.

स्वरूप

मागे राहिलेले वृद्ध घर, जनावरे व अनेकदा शाळकरी नातवंडे सांभाळतात. अशा मुलांसाठी शासन हंगामी वसतिगृह योजना राबवते. ज्यांना स्वतःला आधाराची गरज असते, त्यांच्यावरच इतरांची जबाबदारी येते. औषधपाणी व दवाखान्यासाठी त्यांची भिस्त भावकी आणि शेजाऱ्यांवर असते.

शासकीय तरतुदी

श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजनेतून ६५ वर्षे व त्यावरील पात्र निराधार वृद्धांना दिल्या जाणाऱ्या साहाय्याची रक्कम २०२३ मध्ये दरमहा १,५०० रुपये करण्यात आली. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७ नुसार वृद्धांना स्वतःच्या किंवा अपत्याच्या वास्तव्याच्या जिल्ह्यात निर्वाहासाठी अर्ज करता येतो. अर्जदार असमर्थ असल्यास त्याने अधिकार दिलेली व्यक्ती अर्ज करू शकते. ज्येष्ठांसाठीच्या राष्ट्रीय मदतवाहिनीचा क्रमांक १४५६७ आहे.