सायकलवरून उतरण्याची रीत

आम्ही इतिहासाचे पंडित नव्हे. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीतील जुन्या वर्तमानपत्रांवर आणि वाचनालयातून मागून आणलेल्या पुस्तकांवर झाले. तेव्हा या व्यासपीठावरून राजेरजवाड्यांचा इतिहास सांगण्याचे धाडस आम्ही करीत नाही. सायकलवरच्या माणसाने रस्त्यात भेटलेल्या दुसऱ्या माणसाशी कसे वागावे, याची आमच्या जालन्याकडे एक रीत होती. तिच्याविषयी चार शब्द सांगावेत, एवढाच विचार आहे. विषय क्षुल्लक वाटेल. पण कोणी कोणासाठी थांबायचे आणि कोणी कोणासमोर वाकायचे, हे अशा क्षुल्लक रीतींतूनच ठरत असते.

दोन सारख्या चाकांची, साखळीवर चालणारी सायकल इंग्लंडात स्टार्ली याने 1885 साली बाजारात आणली आणि 1888 साली डनलॉपने तिला हवेचे टायर दिले. जालना त्या काळी निजामाच्या राज्यात. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारी रेल्वे 1900च्या सुमारास येथून गेली, कापसाचा व्यापार वाढला, आणि 'जालना सोने का पालना' ही म्हण आमच्या कानांवर लहानपणापासून पडत आली. पण पाळण्यात कोण झोपले आणि दोरी कोणी ओढली, हा प्रश्न निराळा. सायकलही आरंभी साहेबाची, वकिलाची, डॉक्टरची. सोनीपतला 1951 साली अ‍ॅटलसचा आणि लुधियानाला 1956 साली हीरोचा कारखाना निघाला. अशा देशी सायकली वाढल्या आणि त्या जुन्या झाल्यावर विकल्या जाऊ लागल्या, तेव्हा कुठे ती मजुराच्या हाती आली.

आमच्या वडिलांनी अशीच एक जुनी सायकल घेतली. दिवाळीनंतर कापसाचा हंगाम लागला की ते गावाहून जालन्याच्या जिनिंगमध्ये कामाला जात. घरातून निघाले की सायकल हातात धरून चालायचे. गावातला मोठा वाडा ओलांडून, वेशीबाहेर आल्यावर मगच पॅडलवर पाय ठेवायचा. संध्याकाळी वेशीपाशी पुन्हा उतरायचे. वाड्यासमोरून आमच्या वस्तीतल्या माणसाने सायकलवर बसून जायचे नाही, ही गावाची रीत. 1948 साली निजामाचे राज्य गेले, 1949 साली जहागिऱ्या गेल्या, 1950 साली संविधान आले, 1955 साली अस्पृश्यतेच्या गुन्ह्यांचा कायदा झाला. रीत मात्र पुष्कळ वर्षे राहिली. वडील म्हणत, कायद्याला आपल्या गावापर्यंत यायला कोणी सायकल दिली नसावी.

वेशीबाहेर मात्र दुसरे राज्य सुरू होई. तेथेही लोक उतरत, पण निराळ्या कारणाने. कोणाची चेन पडली, पंक्चर झाले, की मागून येणारा पाय टेकून विचारी, "काय झालं?" एकाजवळ पंप, दुसऱ्याजवळ सोल्यूशनची नळी, तिसऱ्याजवळ पाना. सगळे सामान एकाजवळ कधीच नसे, म्हणून कोणालाच फार ताठ राहून चालत नसे. उलट वारा सुटला की धट्टाकट्टा गडी पुढे होई, बाकीचे त्याच्या आडोशाने चालवीत, आणि तो दमला की दुसरा पुढे येई. अंधार पडल्यावर ज्याच्याकडे दिवा तो पुढे. समोरून प्रेतयात्रा आली किंवा गुरुजी भेटले तर खाली उतरायचे. बैलगाडीला ओलांडताना घंटी हळू वाजवायची, बैल बुजतात. एक हात हँडलवर, दुसरा कपाळाशी: कोणी रामराम घाली, कोणी सलाम, कोणी जय भीम, आणि ज्याचे त्याला उत्तर मिळे.

हे सारे गोड करून सांगण्याचा मोह होतो. पण पंक्चरचे भोक शोधायला पाणी लागते. वडील सांगत, वाटेवरच्या विहिरीचे पाणी आम्हांला दुसऱ्याने काढून द्यावे लागे. पंप हातातून हातात जाई, ट्यूब सगळे मिळून दाबीत, आणि तहान लागली की ओंजळीत पाणी वरून पडे. रस्त्यावरची मैत्री खरी होती. तिची हद्द विहिरीच्या कठड्यापाशी संपत होती, हेही तितकेच खरे.

पुढे पुस्तकांत आम्हांला या गोष्टीचे नातेवाईक भेटले. इंग्लंडात बर्मिंगहॅम येथे 1894 साली समाजवादी तरुणांनी 'क्लॅरियन' सायकल क्लब काढला. ब्लॅचफर्ड यांच्या 'क्लॅरियन' या वर्तमानपत्राचे नाव त्याला दिले. ही मंडळी सायकलवर गावोगाव पत्रके वाटीत. जर्मनीत 1896 साली कामगार सायकलस्वारांची 'सॉलिडारिटेट' नावाची संघटना झाली. तिचे सभासद रस्त्यात भेटले की एकमेकांना 'फ्रिश आउफ' म्हणत. ताजेतवाने व्हा, चला, असा त्याचा भाव. 1933 साली नाझींनी ती बंद पाडली. सायकलवरच्या नमस्काराचीही हुकूमशहाला भीती वाटते, हे वाचून आम्हांला वडिलांच्या गावचा वाडा आठवला.

आम्ही 1990च्या सुमारास युनियनच्या कामाला लागलो. तेव्हा पाळी सुटली की कारखान्याच्या दारातून सायकलींचा लोंढा येई. फाटकावर सभा घेण्याची युक्ती एकच: पहिल्या दहाजणांना खाली उतरवायचे. दहा उतरले की मागचे आपोआप थांबत. पुढे मोटारसायकली आल्या. त्यांच्यावरचा माणूस इंजिन चालू ठेवून, एक पाय जमिनीला लावून ऐकतो, आणि वर्गणीचा विषय निघाला की गिअर टाकतो. अर्थात ज्याला रात्रपाळी करून तीन कोस घरी जायचे आहे, त्याच्या मोटारसायकलीला नावे ठेवण्याचा अधिकार आम्हांला नाही.

आणि एक कबुली द्यायची आहे. एका सकाळी फाटकावर कामगारांच्या एकजुटीवर बोलायला आम्ही घाईने निघालो होतो. वाटेत एक माणूस पंक्चर सायकल ढकलीत चालला होता. आमच्या पिशवीत पंप होता. उशीर होईल म्हणून आम्ही हात करून पुढे गेलो. तो आमचाच सभासद निघाला. फाटकावर उशिरा पोहोचल्याने त्याची अर्ध्या दिवसाची मजुरी कापली गेली. सभेत त्याने काही म्हटले नाही. दुपारी चहाला भेटला तेव्हा एवढेच विचारले, "साहेब, भाषण चांगलं झालं म्हणे?" त्याने आम्हांला साहेब म्हणण्याची ती पहिलीच वेळ होती.

आता आमच्या जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा 2022 साली खुला झाला. त्यावर सायकलला मज्जाव आहे, मोटारसायकललाही आहे. मधेच उतरून कोणाची विचारपूस करण्याचा तेथे प्रश्नच नाही. खालच्या गावरस्त्यांवर मात्र मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलींवर मुली हायस्कुलात जातात. मागच्या पावसाळ्यात आम्ही अशा पाच-सहाजणींना पाहिले. एकीची चेन पडली तशा साऱ्या उतरल्या. चेन बसविणारीचे हात काळे झाले, तेव्हा दुसरीने आपली पाण्याची बाटली तिच्या हातांवर रिकामी केली. उरलेला घोट दोघींनी त्याच बाटलीला तोंड लावून प्याला आणि त्या घंट्या वाजवीत वेशीतून आत गेल्या.