पारावरचे सवाल

बेंबळी हे धाराशिव तालुक्यातले गाव निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. 17 सप्टेंबर 1948 रोजी ती राजवट संपली आणि 1952 साली इथल्या लोकांनी प्रौढ मताधिकाराने पहिले आमदार-खासदार निवडले. 1962 मध्ये जिल्हा परिषदा आल्या.

निवडणुका आल्या, पण सगळे उमेदवार एका मंचावर, ही रीत इकडे फारशी रुजली नाही. खेड्यापाड्यांत उमेदवार एकटाच येतो, कोपरा सभा घेतो, हात जोडतो. उलटतपासणी होते ती पारावर, चहाच्या टपरीवर, तीही तो गेल्यावर. उमेदवाराची सोयच म्हणायची!

गावात लोकांनीच थेट सरपंच निवडायची पद्धत 2017 मध्ये आली, 2020 मध्ये गेली, 2022 मध्ये परतली. मतदाराने सरपंचाला समोरासमोर जाब विचारायची हक्काची जागा मात्र ग्रामसभाच. पुढच्या वेळी तिथे जा.