न टोचलेल्यांची नोंद

जानेवारी 1897. भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेजच्या आवारात तुम्ही उभे आहात. गेल्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी गाठीचा रोग, म्हणजे प्लेग, ओळखला, आणि तेव्हापासून मुंबई रिकामी होत चालली आहे. गाठोडी, पेट्या, कडेवरची पोरं घेऊन माणसं मिळेल त्या वाटेने गाव गाठताहेत.

तुम्ही मात्र आत जाता. प्लेगवरची लस शोधायला जीवाणुशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन यांना सरकारने दिलेली प्रयोगशाळा म्हणजे एक खोली आणि एक व्हरांडा. मदतीला एक कारकून, तीन पट्टेवाले. फळीवर काचेचे चंबू ओळीने ठेवलेत. त्यांतल्या मांसाच्या रश्श्यावर तुपाचे थेंब तरंगताहेत, आणि प्रत्येक थेंबाखाली प्लेगचे जंतू गुहेच्या छतावरून लोंबणाऱ्या चुनखडीच्या सुळक्यांसारखे वाढले आहेत. चंबू हलवला की सुळके तुटून तळाशी बसतात आणि वर नवं पीक धरतं. धक्का लावू नका. हे जंतू अजून जिवंत आहेत.

पुढे त्यांना सुमारे 70 अंश सेल्सियसला तासभर तापवून मारायचं. मेलेल्या जंतूंचा हा द्रव, म्हणजेच लस, आधी सशांना टोचायचा, मग त्याच सशांच्या अंगात जिवंत प्लेग सोडायचा आणि वाट बघायची. पिंजऱ्यांपाशी थोडं थांबा. कुठला ससा खातो, कुठला कोपरा धरून बसतो, कुठल्याला मात्रा किती दिली होती, हे रोज बघून रोज लिहिणं म्हणजेच ते काम. लस टोचलेले ससे तगतात. पण ससा तगला म्हणून माणूस तगेल, याची हमी कुणी देऊ शकत नाही.

10 जानेवारी. हाफकिन स्वतःच्या अंगात 10 घन सेंटिमीटर लस टोचून घेतात. पुढे लोकांना देणार असलेली मात्रा याहून कितीतरी लहान आहे. ताप चढतो, टोचलेली जागा ठणकते, तरी ते कामावर येतात. हा प्रसंग पुढची सव्वाशे वर्षं सांगितला जाणार आहे, आणि सांगितला जावा असाच आहे. तरीही एका माणसाचा ताप उतरला यावरून एवढंच ठरतं की त्याला या लसीने मारलं नाही. ती प्लेग अडवते का, हा प्रश्न जागच्या जागी राहतो.

म्हणून महिनाअखेरीस हाफकिन यांच्या पाठोपाठ भायखळ्याच्या तुरुंगात चला. प्लेग आत शिरला आहे. जे कैदी तयार होतात त्यांनाच टोचायचं, असं ठरतं. साधारण निम्मे पुढे येतात, बाकीचे तसेच राहतात. अन्न, पाणी, भिंती दोन्ही गटांना सारख्याच. बंदिवानाच्या होकाराला कितीसं मोल असतं, हा प्रश्न तुमच्या मनात येतोय. तो यायलाच हवा. आजची कोणतीही नीतिसमिती त्यावर अडून बसली असती. पण आता नोंदवही बघा. न टोचलेल्यांचीही मोजणी चालू आहे, तितक्याच काळजीने. टोचण्याआधीच ज्यांच्या अंगात रोग शिरला होता, त्यांचा विचार वेगळा केला आहे. दिवस जातात तसा फरक उघड होतो: न टोचलेल्यांत प्लेगचं प्रमाण कितीतरी जास्त निघतं. माझ्या लेखी हाफकिन यांची खरी थोरवी या वहीत आहे.

आता पंजाबातलं मुल्कोवाल. 30 ऑक्टोबर 1902. मुंबईहून आलेल्या बाटल्यांतून 107 जणांना लस टोचली जाते, आणि त्यांतल्या एकाच बाटलीतून टोचलेले 19 जण धनुर्वाताने मरतात. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता, हे साक्षीत येतं. तरी चौकशीचं बोट प्रयोगशाळेकडे वळतं, लस बनवण्याच्या बदललेल्या पद्धतीकडे, आणि हाफकिन यांचं पद जातं. त्याच बाटलीच्या वेळी भरलेल्या इतर बाटल्यांतून टोचलेल्यांना काहीच झालं नव्हतं, हा पुरावा समोर असून मागे पडतो. तुरुंगात ज्या काटेकोरपणाने दोन्ही बाजू मोजल्या गेल्या, तो इथे त्यांच्याच वाट्याला येत नाही. 1907 मध्ये रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञ ‘द टाइम्स’मध्ये जाहीर पत्र लिहितात, तेव्हा कुठे हाफकिन यांना पुन्हा नोकरी मिळते, तीही कलकत्त्यात. त्यांच्या प्रयोगशाळेतून वाढलेल्या परळच्या संस्थेला त्यांचं नाव मिळतं ते 1925 मध्ये.